गळ, गाठ आणि गंमत : वाचनालयातल्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर उभं राहणं धोक्याचं, त्यामुळे अलिबाग भागातल्या आम्हा हौशी गरवणाऱ्यांचे, म्हणजे गळानं मासे धरणाऱ्यांचे, रॉडही कोपऱ्यात गेले आहेत. या रिकाम्या दिवसांत एक प्रदर्शन उभं करायचं ठरलं. गावच्या वाचनालयानं तळमजल्यावरची एक मोठी भिंत आणि दोन लांब टेबलं दिली आहेत. नारळी पौर्णिमेला, म्हणजे ८ ऑगस्टला उद्घाटन.

विषय माझ्या मनात बरेच दिवस होता. गरवणाऱ्यांचे विनोद आणि त्यांच्या सामानातली गंमत. मासेमारीची प्रदर्शनं होतात ती जाळी, होड्या आणि माशांच्या जातींची. पण धक्क्यावर नव्या मुलाला शिक्षण मिळतं ते हसण्यातून. ‘थुंकी लावल्याशिवाय मासा लागत नाही,’ ‘पृथ्वी लागली गळाला,’ ‘सुटलेला मासा रोज वाढतो.’ ही वाक्यं पिढ्यान् पिढ्या चालत आली, कारण प्रत्येकीच्या पोटात कामाची गोष्ट आहे.

म्हणून प्रदर्शनाला एकच नियम घातला. विनोद भिंतीवर लागेल, पण त्याचं खरं कारण टेबलावर हाताळून बघता आलं तरच. ज्याचं कारण दाखवता येत नाही तो कितीही मजेदार असला तरी बाहेर. निघताना ‘कुठे चाललास’ विचारलं की मासा मिळत नाही, हा आमच्याकडचा सर्वांत लाडका समज या नियमानं पहिल्याच दिवशी गळला. दोघातिघांना वाईट वाटलं. नियम मात्र तोच राहणार.

७ जून, शनिवार

पहिलं टेबल गळांचं. कोकणात त्याला गरी म्हणतात, आणि दुकानात मागताना नंबर सांगावा लागतो. सगळी गंमत या नंबरांत आहे.

एक नंबरचा गळ घ्या. दोन नंबरचा त्याहून लहान, सहाचा आणखी लहान, सोळाचा तर तांदळाएवढ्या तोंडाच्या माशासाठी. म्हणजे आकडा वाढला की गळ आकसतो. पण एकच्या दुसऱ्या बाजूला वेगळीच रांग सुरू होते, एक-शून्य, दोन-शून्य, तीन-शून्य. इथे आकडा वाढला की गळही वाढतो. त्यामुळे सहा नंबरचा गळ नखाएवढा आणि सहा-शून्यचा बोटभर. बापानं पोराला ‘सहाचे आण’ म्हणून पाठवावं आणि पोरानं शार्कला पुरतील असे घेऊन यावं, हे आमच्या बाजारपेठेत होतच असतं. त्यात सगळ्या उत्पादकांसाठी एक समान माप नाही. एकाचा चार-शून्य दुसऱ्याच्या पाच-शून्याएवढा भरतो.

मांडणी अशी केली आहे. पांढऱ्या फळीवर मधोमध एक नंबरचा गळ, डावीकडे आकडे वाढत जातील तसे गळ लहान होत जातात, उजवीकडे शून्यवाले मोठे होत जातात. सगळ्या टोकांवर रबरी नळीचे तुकडे बसवले, कारण मुलं हात लावणार आणि त्यांनी लावावाच. फळीखालच्या कार्डावर एकच ओळ : ‘नंबर सांगू नका, मासा सांगा.’ दुकानदारालाही हे जास्त आवडतं. काळुंदरासाठी हवा की जिताड्यासाठी हवा, एवढं सांगितलं की तो योग्य पुडी काढतो.

१४ जून, शनिवार

थुंकीचा प्रयोग झाला. हे माझ्या मते प्रदर्शनातलं सर्वांत चांगलं कार्ड होणार आहे.

समज असा की आमिषावर किंवा गळावर थुंकलं की मासा नक्की लागतो. नवखे हसतात, जुने निमूट थुंकतात. जुन्यांचं बारकाईनं पाहिलं तर बहुतेक जण आमिषावर थुंकत नाहीत. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवून, वेढे देऊन, गाठ आवळायच्या क्षणी ती तोंडात धरतात. इथेच खरं कारण आहे. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी धागा. कोरडी गाठ झटक्यात आवळली की वेढे एकमेकांवर घासतात, घर्षणानं तापतात, आणि उष्णता नायलॉनचा वैरी आहे. गाठीपाशी धागा खरबरीत होतो, त्याला बारीक कुरळ पडते. तो तिथेच तुटतो, आणि मोठा मासा लागल्यावरच तुटतो, कारण लहान मासा तेवढा ताण देत नाही. ओली गाठ सरकत, शांतपणे बसते.

टेबलावर ताणकाटा टांगला. एकाच रिळातली तंगूस, एकच गाठ, एक कोरडी आवळलेली आणि एक ओली. कोरड्या बहुतेक गाठी आधी गेल्या, ओल्या जास्त वेळ टिकल्या. भिंग लावून तुटलेलं टोक पाहिलं की कुरळ स्पष्ट दिसते, तेही कार्डाशेजारी चिकटवलं.

म्हणजे थुंकीनं मासा लागत नाही, लागलेला मासा राहतो. जुन्या माणसांचा अनुभव खरा होता. मला या शोधाचा इतका आनंद झाला की कार्डाचा मजकूर तिथल्या तिथे लिहून काढला. आरोग्याचा विचार करून टेबलावर पाण्याची वाटी ठेवणार आहोत, गाठ तिच्यात बुडवायची.

१८ जून

कार्डांना दमट हवेनं बाक येतोय. जाड पुठ्ठ्यावर लॅमिनेट करून मागे बांबूच्या कामट्या लावायच्या. अक्षर मोठं ठेवायचं, आजोबा मंडळी चष्मा विसरून येतात.

२२ जून, रविवार

नकली आमिषांचा, म्हणजे ल्यूरचा विभाग. इथे इतिहासच इतका हसरा आहे की मला फार काही करावं लागलं नाही.

चमच्यापासून सुरुवात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ज्युलिओ ब्युएल नावाच्या तरुणाच्या हातून होडीतून जेवणाचा चमचा पाण्यात पडला, आणि चकाकत, डुलत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर माशानं झडप घातली, अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली तरी १८५२ मध्ये त्याला अशा आमिषाचं पेटंट मिळालं हे खरं, आणि आजही जगभर त्या प्रकाराला स्पूनच म्हणतात. कारण दाखवायला सोपं आहे. काचेच्या लांब बरणीत पाणी भरलं, दांडी कापलेला एक चमचा आणि तेवढ्याच वजनाची लोखंडी पट्टी ठेवली. पट्टी सरळ तळाशी जाते. चमच्याच्या खोलगट अंगावर पाणी अडतं, तो एकदा या कुशीवर आणि एकदा त्या कुशीवर झुलत उतरतो, आणि प्रत्येक झोक्याला चमकतो. जखमी लहान मासा असाच दिसतो. ही बरणी सोडून मुलं हलणार नाहीत.

दुसरी गोष्ट रायली हॅस्केल याची. ओहायोतल्या या माणसानं १८५९ मध्ये धातूच्या माशाचं पेटंट घेतलं. त्याचा एक दहा इंची, तांब्याचा मोठा नमुना २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला विकला गेला. माशाला भुलवायला बनवलेली वस्तू माणसाला एवढी भुलवते, आणि इतकी मोलाची झाली की आता ती पाण्यात टाकायची कोणाची छाती होणार नाही. या कार्डाला ‘कारण’ म्हणून मी ल्यूरचं अंग उलगडून दाखवणार आहे. बारीक कोरलेले खवले, रंगवलेला डोळा, पोटावरचा लाल ठिपका. यातलं गिऱ्हाइकासाठी किती आणि माशासाठी किती, असा प्रश्न प्रेक्षकालाच विचारायचा.

तिसरी माझी सर्वांत आवडती. फिनलंडच्या लौरी रापाला या गरीब कोळ्यानं १९३० च्या दशकात बुचातून मासा कोरला. चकाकी यावी म्हणून त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि ती टिकावी म्हणून छायाचित्रांच्या फिल्मच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. त्यातून उभं राहिलेलं नाव आज जगभरच्या मासेमारीच्या दुकानांत दिसतं. ही गोष्ट सांगितल्यावर मुलांनी घरोघरची चांदी गोळा करायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे बूच कुठून आणायचं? पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, चाकूनं सहज कोरता येतं. पुढच्या रविवारी पांगाऱ्याचे मासे कोरायचे. गळ लावायचे नाहीत.

२९ जून, रविवार

आज रीळ, म्हणजे रॉडवरचं दोरा गुंडाळायचं यंत्र. गरवणाऱ्यांच्या सगळ्या हसण्याचा राजा म्हणजे आडव्या रिळातला गुंता. नवा माणूस जोरात रॉड फेकतो, ल्यूर चार हातांवर टपकन पडतं आणि रिळाच्या तोंडातून दोऱ्याचा झिपऱ्या पोराच्या केसांसारखा पुंजका बाहेर येतो. लगेच भोवती पाच जण जमतात. एक म्हणतो काप, दुसरा म्हणतो ओढ, तिसरा सुई मागतो. मासा बाजूलाच राहतो.

कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. या रिळात दोरा सुटतो तेव्हा स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, स्वतः फिरतो. फेकीच्या सुरुवातीला ल्यूर वेगात असतं आणि स्पूललाही तेवढाच वेग देतं. पुढे हवेच्या विरोधानं ल्यूर मंदावतं, पण वजनदार स्पूलला त्याची खबर नसते. तो आपल्या जुन्या वेगानं दोरा सोडत राहतो, आणि जायला जागा नसलेला दोरा आतच माजतो. म्हणून अंगठा हवा. ल्यूर पाण्याला टेकण्याआधी स्पूलवर अंगठ्याचा हलका दाब. चुंबकाचे आणि केंद्रोत्सारी ब्रेक नंतर आले, तेही अंगठ्याचंच काम करतात. स्पूल घट्ट-सैल करणारी रिळाच्या बाजूची चकती अशी बसवावी की ल्यूर आपल्या वजनानं सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल.

मुठीच्या एका फेऱ्यात स्पूलला अनेक फेरे देणारी रिळं अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीच्या घड्याळजींनी घडवली. दातेरी चाकं जुळवायची सवय त्यांच्याच हातांना होती. सरळ फेकता येणारं दुसऱ्या प्रकारचं रीळ, ज्याला आपण स्पिनिंग म्हणतो, ते मात्र कापड गिरणीतून आलं. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ लोकरीच्या धंद्यातले. बोबिन जागची न हलता तिच्या टोकावरून सूत कसं सुटतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. १९०५ मध्ये त्यांनी तसं रीळ पेटंट केलं. स्पूल फिरतच नाही, म्हणून तसा गुंताही होत नाही.

हे सांगत असताना मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढलेले आमचे एक काका पुढे झाले. त्यांनी रीळ हातात घेतलं, तंगूस टोकावरून सोडून पाहिली आणि म्हणाले, “अहो, हे तर आमच्या खात्यातलं आहे.” उरलेला तास तेच शिकवत होते. रिळाचं टेबल उद्घाटनाला त्यांच्याकडेच देतो आहे. बोबिन मिळवायचीही जबाबदारी त्यांनी घेतली.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज येणारे थोडेच. जे आले त्यांच्यासमोर सॅमन माशासाठी पिसांचं बांधलेलं माशीसारखं आमिष, म्हणजे फ्लाय, याचं कार्ड वाचून दाखवलं.

अटलांटिक सॅमन समुद्रात खाऊन पिऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला नदीत चढू लागला की खाणं बंद करतो. आता व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रज-स्कॉटिश गरवणाऱ्यांचा थाट पाहा. या न खाणाऱ्या माशासाठी त्यांनी देशोदेशींची पिसं, रेशीम, सोन्याचांदीच्या तारा वापरून जगातली सर्वांत नटवी आमिषं बांधली. एकेक बांधायला तासन् तास लागावेत अशी. ऐकणाऱ्या आजी उपवासाला होत्या. त्या म्हणाल्या, “एकादशीच्या दिवशी वारकऱ्यापुढे पुरणपोळीचं ताट मांडल्यासारखं आहे की हे!” हेच वाक्य कार्डाचं शीर्षक करणार, आजींची परवानगी घेतली.

आणि तरीही मासा त्यावर तोंड घालतो. का, यावर गरवणारे आजही वाद घालतात. कोणी चिडून म्हणतं, कोणी समुद्रातल्या सवयीनं म्हणतं. उत्तर एक नाही, पण कारण दाखवण्याचा माझा नियम इथे मोडत नाही, कारण गंमत माशापेक्षा सामानात आहे आणि सामान समोर ठेवता येतं.

या नटव्या माश्यांचं, म्हणजे फ्लायचं, आपल्या सह्याद्रीशी थेट नातं आहे. त्यांच्या बाजूला मेणाच्या थेंबांसारखे पिवळसर-पांढरे ठिपके असलेली जी पिसं लावत, ती आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची. घाटात पहाटे ओरडणारा हाच तो. त्या पिसांसाठी त्याची भरपूर शिकार झाली. आज तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. म्हणून प्रदर्शनात पीस नाही, मोठं रंगीत चित्र आहे, आणि ‘जंगलात पडलेलं पीसही उचलून घरी आणू नका’ अशी ठळक सूचना. माशी बांधून दाखवायला गावठी कोंबड्याची पिसं पुरेशी आहेत, आणि ती देखणी असतात.

१३ जुलै, रविवार

वाढणाऱ्या माशाचं गणित. याची मी सर्वांत जास्त वाट बघत होतो.

सुटलेला मासा सांगताना दोन्ही हात पसरतात आणि हातांतलं अंतर दर खेपेला वाढतं, यावर जगभर हसतात. आम्ही ते मोजून ठेवलं आहे. माशाची लांबी वाढते तशी उंची आणि जाडीही वाढते, म्हणून वजन लांबीच्या घनाच्या हिशेबानं चढतं. हात फक्त चौथाईनं जास्त पसरले, म्हणजे सव्वापट, की वजन १.२५ गुणिले १.२५ गुणिले १.२५, म्हणजे १.९५ पट. दोन किलोचा मासा बघता बघता चार किलोचा. सांगणाऱ्यानं हात वीतभरच सरकवलेले असतात, त्याच्या मनात खोटेपणा नसतो. पाण्यात अर्धवट दिसलेल्या, हाताला ओढ देऊन गेलेल्या माशाचा अंदाज वीतभर चुकणं अगदी माणसासारखं आहे.

फोटोचंही असंच. कॅमेरा छातीपासून दोन मीटरवर. मासा छातीशी धरला तर खऱ्या प्रमाणात दिसतो. हात लांबवून ६० सेंटिमीटर पुढे धरला तर तो कॅमेऱ्यापासून १.४ मीटरवर येतो आणि माणसाच्या मानानं १.४३ पट मोठा दिसतो. वजनाच्या भाषेत जवळजवळ तिप्पट. जमिनीवर रंगीत पट्ट्या आखल्या आहेत, पुठ्ठ्याचा एक जिताडा ठेवला आहे. उभं राहायचं, आधी जवळ धरून फोटो, मग हात लांबवून फोटो. मंडळातल्या मुलींनी पुठ्ठ्याचा जिताडा इतका सुंदर रंगवला आहे की त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटतो.

या खेळातून मला एक सवय रुजवायची आहे. मासा सोडून द्यायचा असेल तर वजनकाट्याला टांगू नये, ओल्या हातांनी धरून पट्टीवर लांबी घ्यावी आणि लगेच पाण्यात सोडावा. वजन नंतर लांबीवरून काढता येतं. कोष्टक भिंतीवर लावू.

२० जुलै, रविवार

रंगांचं खोकं तयार. दुकानात हात जातो तो लालभडक ल्यूरकडे. पण पाणी लाल उजेड सर्वांत आधी शोषतं. स्वच्छ पाण्यातसुद्धा पहिल्या काही मीटरांतच लाल रंग काळपट होतो, निळा-हिरवा खोलवर पोचतो. खोक्याच्या झरोक्याला निळा-हिरवा जिलेटीन कागद लावला. आत लाल, पिवळं, हिरवं अशी ल्यूर टांगली. झरोक्यातून पाहिलं की लाल ल्यूर काळं ठिक्कर. बघणारा कागद बाजूला करून खात्री करतो, पुन्हा लावतो आणि हसतो.

आपल्या किनाऱ्याचं पाणी पावसाळ्यात आणि खाडीत गढूळ. तिथे रंगाची चर्चाच लवकर संपते. मासा अंगावरच्या पार्श्वरेखेनं, म्हणजे कुशीवरच्या संवेदनशील रेषेनं, पाण्याची थरथर ओळखतो, म्हणून डुलणारं, आत छर्रे खुळखुळणारं ल्यूर चालतं. गोड्या पाण्यात मरळीसाठी रबरी बेडूक वापरतात. कमळाच्या पानांवरून तो टुणकन उड्या मारत येतो आणि खालून पाणी फुटतं. तो बेडूक हाताळताना मोठी माणसंही लहान होतात. त्याच्या कार्डावर एक ओळ मुद्दाम टाकली आहे. मरळ आपल्या पिल्लांचं रक्षण करते. पाण्यावर पिल्लांचा लालसर थवा दिसला की तिथे बेडूक टाकायचा नाही. आई गेली की थवा संपला.

२४ जुलै, आषाढ अमावास्या

उद्यापासून श्रावण, आज गटारी. बाजारात गर्दी, कामाला दोघेच.

जिताड्याचं कार्ड लिहिलं. पेण-अलिबागकडे जिताडा म्हणजे मानाचा मासा, खारपट्टीतल्या तळ्यांत तो हौसेनं वाढवतात, जावयासाठी राखून ठेवतात. मोठा जिताडा मिळाला की धक्क्यावर आरोळी उठते, ‘नवरदेव आला!’ गंमत ही की जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी वाढून मादी होतात. म्हणजे इतका मोठा नवरदेव जवळपास नक्की नवरी आहे. आणि म्हणूनच मोठा जिताडा सोडून देणं जास्त मोलाचं, हजारो लाखो अंडी तिच्याकडेच असतात. या कार्डावर मला कोणी काही सुचवू नये, ते जसं आहे तसं उत्तम आहे.

२७ जुलै, रविवार

‘पृथ्वी लागली.’ गळ खडकात अडकला की म्हणायचं वाक्य. कितीचा आहे विचारलं की उत्तर : ‘मोजायला काटा नाही.’

अडकण्यावरचे देशी उपाय जमवले. शिशाऐवजी जुना स्पार्क प्लग, नट, भोक असलेला दगड, आणि ते मुख्य तंगुसीला बारीक, कमी ताकदीच्या दोऱ्यानं बांधलेले. वजन अडकलं तर बारीक दोरा तुटतो, गळ आणि मासा परत येतात. ही युक्ती एवढी साधी आणि हुशार आहे की मी तिला मधली जागा दिली. स्पार्क प्लग पाहून मेकॅनिक मंडळी टेबलाशी थांबणार हेही मनात आहे. शिसं विषारी. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली, कारण हंस ती गिळून मरत होते. पण प्लगही समुद्रात टाकून यायची वस्तू नाही, तो साफ करून, तेल पुसून वापरायचा आणि शक्य तेवढा परत आणायचा.

अडकलेली तंगूस हाताला गुंडाळून ओढू नये. बोट कापलं जातं. लाकडाच्या दांड्याला वेढे द्यावेत, तोंड बाजूला करावं आणि मागे चालत जावं.

तुटलेल्या तंगुसीचं काय? ती वर्षानुवर्षं कुजत नाही, बगळ्यांच्या पायात आणि कासवांच्या गळ्यात अडकते. जाड पीव्हीसी नळीचा तुकडा, खालून झाकण, वर वाकवलेलं तोंड, असा तंगूस टाकायचा डबा बनवला. पहिला प्रदर्शनात, दुसरा परवानगी मिळाली की धक्क्यावर. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातून गावात उरेल ती वस्तू हीच.

३ ऑगस्ट, रविवार

भिंतीचा शेवटचा भाग. गंमत म्हणून मासे गरवणं साहेबानं आणलं, असं धक्क्यावर सर्रास म्हणतात. त्याला उत्तर म्हणून कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजानं मन रमवायला काय काय करावं याची प्रकरणं आहेत आणि त्यात मत्स्यविनोद आहे. काळ बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. माशांच्या जाती, कोणाला काय चारून सवय लावायची, काठी, दोरी, गळ, सगळं शिस्तीत. ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मला या राजाबद्दल अपार जिव्हाळा वाटतो. राज्य सांभाळून माशाच्या आवडीनिवडी लिहून ठेवणारा माणूस आमच्या धक्क्यावर लगेच रुळला असता.

दुपारी कोळीवाड्यातून मासळी विकणाऱ्या मावशी येऊन गेल्या. हौशी लोक रिकाम्या हातानं परतताना बाजारातून मासा घेऊन ‘मी गरवला’ सांगतात, हा विनोद त्यांना कार्डावर दिसला. त्या म्हणाल्या, “सांगू दे की. आमच्या डोल्यांना कोन फसवील?” मग त्यांनी कारण सांगितलं, आणि ते आम्ही जसंच्या तसं लिहून घेतलं. नुकत्या गरवलेल्या माशाचे कल्ले लालबुंद, डोळा फुगीर आणि स्वच्छ, ओठाला गळाची जखम. बर्फातल्याचा डोळा धुरकट आणि बसका. जाळ्यातल्याच्या अंगावर आसाचा, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा, वळ, कुठे कुठे खवले उडालेले. नवऱ्यांनी काय सांगायचं ते सांगावं, बायका ओठ बघतात. उद्घाटनाला हे टेबल मावशी सांभाळणार आहेत, पोर्णिमेचं नारळाचं गाऱ्हाणं झाल्यावर थेट येतील.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

उघडलं. सकाळी पाऊस होता तरी दालन भरलं.

चमच्याच्या बरणीभोवती मुलं, बोबिनच्या टेबलाशी गिरणीतले काका आणि त्यांचे जुने सोबती, पुठ्ठ्याच्या जिताड्यासाठी रांग. एका शाळकरी मुलीनं घनाचं गणित फळ्यावर सोडवलं आणि आपल्या बाबांच्या मागच्या वर्षीच्या माशाचं वजन सगळ्यांसमोर निम्मं केलं. बाबा सर्वांत मोठ्यानं हसले. मावशींच्या टेबलाशी बायकांची गर्दी हटेना. मत्स्यविनोदाच्या फलकापाशी दोन शिक्षक बराच वेळ उभे होते, शाळेसाठी प्रत हवी म्हणाले, देणार आहोत.

उद्याची कामं. ताणकाट्याचा हूक जड, हलका बसवणे. गळांच्या फळीवरच्या दोन रबरी टोप्या निघाल्या, गोंद लावणे. झरोक्याचा जिलेटीन कागद ओला झाला, नवा आणणे. मासा लांबीनं मोजायचं कोष्टक आणखी चार हातांनी मागितलं आहे, झेरॉक्स काढणे. तंगुसीच्या डब्यासाठी धक्क्यावरची जागा पाहायला सोमवारी जाणे, सोबत नळी, दोन क्लँप आणि ड्रिल.